खाडीचे पाणी चतुर्थीला गोड होते, याबाबत

मी, हेमा वामन लिमये, वय ६६ वर्षे, अविवाहित, धंदा काही नाही (निवृत्त), राहणार डोंबिवली पूर्व, आज खारवडी पोलीस चौकीत स्वतःहून येऊन, विचारल्यावरून आणि काही ठिकाणी न विचारताही, खालीलप्रमाणे सांगते.

मी वरील ठिकाणी एकटी राहते. निवृत्तीपूर्वी वागळे इस्टेटमधील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. गोळीच्या पाकिटावर जे छापले आहे तेच गोळीत आहे की नाही, हे तपासण्याचे माझे काम होते. नोकरी संपेपर्यंत मी एकही खोटी गोष्ट माझ्या सहीने बाहेर जाऊ दिली नाही. हे सांगण्याचे कारण असे की, माझ्याविरुद्धच्या तक्रार अर्जात माझा उल्लेख 'सदर थापाडी बाई' असा केलेला आहे. उल्लेख चुकीचा नाही, पण मी जन्मापासून तशी नाही, एवढे नोंदवून घ्यावे.

सदर अर्ज आंबिवली येथील श्री. विठ्ठल भोईर यांनी दिला आहे. मी त्यांना ओळखत नाही. त्यांच्या भाच्याचे लग्न गेल्या रविवारी खारवडी गावात होते. मी रेडिओवर सांगितलेल्या एका माहितीमुळे नवरी दारातच अडकली, वऱ्हाड ताटकळले आणि दोन्ही बाजूंची झटापट झाली, असे त्यांचे म्हणणे आहे. मी काय बोलले आणि का बोलले, असे मला विचारण्यात आले. काय बोलले ते दोन ओळींचे आहे. का बोलले याला वेळ लागेल, हे मी हवालदार सूरज मोकल यांना सुरुवातीलाच सांगितले. ते म्हणाले, "सांगा मॅडम, पण शॉर्टमध्ये. तुमच्यानंतर अजून एकांना बोलावलंय." कोणाला, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. जबाब घेण्याच्या खोलीला दार नाही, पडदा आहे. पडद्याबाहेर बाक आहे आणि त्यावर लोक येऊन बसतात. आतले बोलणे बाहेर ऐकू जाते अशी मी तक्रार केली, त्यावर नव्या इमारतीचे काम मंजूर असल्याचे मला सांगण्यात आले.

आमच्या भागात एका ट्रस्टचे छोटे रेडिओ केंद्र आहे. कल्याण-डोंबिवलीत ते नीट लागते, शीळफाट्यापर्यंत कसेबसे लागते आणि त्यापुढे नुसती खरखर. केंद्राचे काम ऋजुता नावाची बाई पाहते. मी तिच्या आईच्या वयाची असल्याने ती मला काकू म्हणते. काही वर्षांपूर्वी तिने मला आरोग्याच्या सूचना वाचायला बोलावले. त्याच दिवशी खारवडीच्या शालन सहदेव मढवी लग्नाची गाणी रेकॉर्ड करायला आल्या होत्या. शालन मढवी धवलारीण आहेत. आगरी लग्नात मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचे वेगळे गाणे असते, त्याला धवला म्हणतात, आणि तो म्हणणाऱ्या बाईला धवलारीण. तिच्या गाण्याला भटजींच्या मंत्रांएवढाच मान असतो. हे हवालदारांना माहीत होते, ते स्वतः आगरी आहेत. पण हा जबाब पुढे ज्या साहेबांकडे जाईल त्यांना माहीत असेलच असे नाही, म्हणून सांगितले.

माझे वाचन चालू असताना शालन मढवी शेजारच्या खुर्चीत आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. मला दिलेल्या कागदावर कोणीतरी मोबाइलवरून उतरवलेला मजकूर होता. उभे राहून पाणी प्यायले तर ते थेट गुडघ्यात उतरते, असे त्यात लिहिले होते. मला ते पटले नव्हते, पण सूचना वाचायला बोलावले होते, तपासायला नव्हे, म्हणून मी वाचले. त्याबरोबर शेजारून आवाज आला, "कोनी सांगला तुना? मंग बसून पिलेला पानी कुठं जाता?" त्यांच्या समोरचा माइक चुकून चालू राहिला होता, त्यामुळे हे सगळ्या डोंबिवलीने ऐकले. पुढे मला वाचता आले नाही. मी हसत होते. कंपनीतून निघाल्यापासून मी तशी हसले नव्हते.

ऋजुताने त्यातूनच दर मंगळवारी सकाळचा एक कार्यक्रम काढला. नाव 'पटलं तर घ्या'. मी चष्मा लावून, गंभीर आवाजात, एखाद्या परदेशी विद्यापीठाचा हवाला देऊन धडधडीत थाप मारायची आणि त्यांनी 'कोनी सांगला तुना?' म्हणून ती हाणून पाडायची, एवढेच त्यात होते. चष्म्याची रेडिओवर गरज नसते, पण त्याशिवाय मला खोटे बोलता येत नसे. यापुढे मी त्यांना शालन म्हणते. कागदावर अहो-जाहो बरे दिसते, पण तिला ते आवडणार नाही.

कार्यक्रमात कोणत्या प्रकारची माहिती दिली जात असे, याची उदाहरणे हवालदारांनी मागितली. ती अशी. कावळ्याला माणसाचे आडनाव ओळखता येते, असे मी एकदा सांगितले. शालन म्हणाली, "कोनी सांगला तुना? आमच्या गावान निम्मी लोका मढवी. पिंडाला शिवाचा का नाय, ता कावल्याना कसा कललं?" तांदळाच्या दाण्याला डावी आणि उजवी बाजू असते आणि उजव्या बाजूने शिजला तर भात मोकळा होतो, असे मी सांगितले. ती म्हणाली, "भात मोकला व्हतो तो पान्याच्या अंदाजानी. दाना काय कूस बदलून झोपतो का?" हे सर्व आधी ठरवलेले नसे. मी काय थाप मारणार हे तिला सांगायचे नाही, असा आमचा एकमेव नियम होता. तिच्यासाठी थापा शोधण्यात माझा आठवडा छान जायचा. भाजी निवडताना, बँकेत रांगेत उभी असताना मी हाच विचार करत असे.

एका मंगळवारी मी सांगितले की, खाडीचे पाणी चतुर्थीला गोड होते. त्या दिवशी शालनला हसू आले नाही. ती म्हणाली, "कोनी सांगला तुना? मी मिठागरान जलम काढला. चवथ असो नायतं अवस असो, खारा तो खाराच. ह्ये बघ तलवं." तिने पाय वर घेतले. मी म्हटले, "शालन, रेडिओवर दिसत नाही गं." त्यावर ती म्हणाली, "रेडिओला कोन दाखवतंय? तू बघ." मी पाहिले. तळव्यांची कातडी जागोजागी पांढरी पडून फाटलेली होती आणि त्या भेगा जुन्या होत्या. तिच्या घरच्या जमिनीचे सोने होण्याच्या कितीतरी आधीच्या. मी नंतर काय बोलले ते मला आठवत नाही, पण पुढच्या मंगळवारी मी मलम नेले होते. ती म्हणाली, "आता कसला मलम? आता पाय पन म्हातारं झालं." तरी नेले.

कार्यक्रम संपला की आम्ही केंद्राच्या पायऱ्यांवर बसून डबा खात असू. ती माझ्यासाठी तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे वेगळे बांधून आणायची. माझ्या डब्यातल्या साबुदाण्याच्या खिचडीला ती मोत्यांची उसळ म्हणायची आणि चाटूनपुसून खायची. तिने मला हळदीचा एक धवला शिकवला. माझा सूर लागत नाही हे तिने पहिल्याच ओळीला सांगितले आणि तरी पुढचे सगळे शिकवले. इथे हवालदारांनी टंकलेखन थांबवले. ते म्हणाले, "मॅडम, जबाबात एवढं येत नाही." मी विचारले, "मग कुठे येतं?" त्यावर ते पुन्हा टंकलेखन करू लागले.

गेल्या दिवाळीनंतर शालन कार्यक्रमाला आली नाही. तिने आधी कळवले नव्हते. तिचा मुलगा कमलेश सहदेव मढवी याने खारवडीची जमीन विकून शीळफाट्याच्या बाजूला बंगला बांधला आहे आणि दिवाळीत ते सर्व तिकडे राहायला गेले, एवढे मला माहीत होते. तो पालिकेच्या निवडणुकीला उभा राहण्याच्या खटपटीत होता. ऋजुताने मला तिच्या मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात कमलेश मढवी भाषणात पाणी देऊ, रस्ता देऊ, उद्यान देऊ, असे सांगतो आणि प्रत्येक आश्वासनानंतर त्याच्या विरोधकांपैकी कोणीतरी शालनचा आवाज जोडला होता, "कोनी सांगला तुना?" मला आधी खूप हसू आले. मग माझ्या लक्षात आले की, आता तिला येऊ देणार नाहीत. मात्र तिला येऊ दिले नाही की तिलाच यायचे नव्हते, हे मला सांगता येणार नाही. हा माझा अंदाज आहे आणि अंदाजावर मी सही करत नाही.

तिचा मोबाइल नंबर बंद लागू लागला. मी एकदा रिक्षा करून शीळफाट्याच्या बंगल्यावर गेले होते. कमलेशची बायको दिशा हिने मला आत बोलावले, सरबत दिले, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. अतिशय चांगली मुलगी आहे, तिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. ती म्हणाली, "आई झोपल्यात हो. मी सांगते ना तुम्ही आलेलात म्हणून." दुपारी झोपणारी बाई शालन नव्हे. पण दुसऱ्याच्या घरात सोफ्यावर बसून त्यांच्या सासूच्या झोपेबद्दल वाद घालता येत नाही. मी सरबत संपवले आणि निघाले. फाटकाबाहेर आल्यावर वरच्या मजल्याच्या खिडक्यांकडे पाहत थोडा वेळ उभी राहिले. सगळ्या खिडक्यांना पडदे होते. रिक्षावाला घाई करत होता.

त्यानंतर कार्यक्रम बंद करावा असे ऋजुताने सुचवले होते. मी नको म्हटले. मी एकटीच थाप मारायची आणि मारून झाली की थांबायचे, असे मी सुरू केले. शालन जेवढा वेळ बोलायची साधारण तेवढी जागा मी मोकळी सोडत असे. ऋजुता म्हणाली, "काकू, तिथे डेड एअर जातेय. लोकांना वाटतं रेडिओ बंद पडला." मी म्हटले, "वाटू दे." एका श्रोत्याने फोन करून त्या मोकळ्या जागेत स्वतःच 'कोनी सांगला तुना?' असे म्हटले. लोकांना ते आवडले. मी फोन ठेवून दिला. ती जागा त्याच्यासाठी नव्हती.

माझा हिशेब साधा होता. शालनला खोटे सहन होत नाही. त्यातही स्वयंपाक, मीठ आणि लग्न यांबद्दल कोणी चुकीचे बोलले तर ती जेवण टाकून उठते. ती जिथे असेल तिथे रेडिओ कसाबसा लागतो. तेव्हा आपण तिच्याच विषयात इतकी भयंकर थाप मारायची, की तिला कोणाचा तरी मोबाइल घेऊन फोन करावाच लागेल. म्हणून मी हळूहळू तिच्या अंगणात शिरले. सुका बोंबील पाण्यात टाकला की क्षणभर पोहतो, असे सांगितले. आगरी मसाल्यात मूळचा गूळ असायचा, असे सांगितले. मिठाचा ढीग रात्री वाढतो, असे सांगितले. प्रत्येक वेळी थांबले. इतर पुष्कळांचे फोन आले, त्यात गुळाबद्दल मला शिव्या देणारेही होते. तिचा आला नाही.

मग मी ती तक्रार अर्जातली माहिती दिली. माझे शब्द असे होते : "लग्नातले सगळे धवले झाल्यावर एक शेवटचा धवला असतो. तो झाल्याशिवाय नवरीने माहेरचा उंबरा ओलांडायचा नसतो. तो धवला येणारी एकच बाई आता उरली आहे आणि ती हल्ली शीळफाट्याकडे राहायला गेली आहे." यातला शेवटचा धवला मी त्याच दिवशी सकाळी दात घासताना रचला. असे काही नसते हे मला पक्के माहीत होते, कारण शालनने मला सगळे धवले ओळीने सांगितले होते. मी चष्मा लावला होता, पण विद्यापीठाचे नाव घेतले नाही. घ्यायला हवे होते, कारण ते घेतले की लोक हसतात. या वेळी कोणी हसले नाही. मी थांबले. बऱ्याच वेळाने ऋजुताने गाणे लावले.

पुढचे मी स्वतः पाहिलेले नाही. हवालदारांनी सांगितले आणि मोबाइलवर दाखवले त्यावरून सांगते. नवरीच्या आजीने तो कार्यक्रम ऐकला होता. रविवारी लग्न लागले, जेवणे झाली, नवरी निघायची वेळ झाली, तेव्हा आजी घराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. ती म्हणाली, "शेवटचा धवला झाल्याबिगर पोर हालायची नाय." तिथे बोलावलेल्या धवलारणीने असा धवला नसल्याचे सांगितले. त्यावर आजी म्हणाली, "तुना येत नाय म्हून नाय का?" वऱ्हाडाच्या गाड्या चालू अवस्थेत उभ्या होत्या. श्री. विठ्ठल भोईर यांनी आजींना उचलून बाजूला करण्याची भाषा केली, त्यावरून नवरीच्या भावांनी त्यांना धरले आणि एक प्लास्टिकची खुर्ची मोडली. नवरी हार घालून आतल्या पायरीवर उभी होती आणि रडत होती. ते निघण्यासाठीचे रडणे होते की न निघण्याचे, हे व्हिडिओत कळत नाही.

तेव्हा कोणीतरी शीळफाट्याची ती बाई कोण, हे ओळखले आणि कमलेश मढवी याला फोन केला. खारवडीत त्याची मते आहेत. निवडणुकीसाठी ज्याने आईला घरात ठेवले, त्याला निवडणुकीसाठीच तिला स्वतःच्या गाडीतून तिथे आणून सोडावे लागले. हे वाक्य काढावे असे हवालदारांनी सुचवले. मी ते काढू नये असे सांगितले.

शालन गाडीतून उतरताना व्हिडिओत दिसते. ती बारीक झाली आहे. हिरवे लुगडे तिचेच आहे, चप्पल नवी आहे. आजीने तिला विचारले, "शेवटचा धवला येतो ना तुना?" या ठिकाणी शालन काय म्हणणार हे मला माहीत होते. ज्या तीन शब्दांसाठी मी थापा मारत आले होते ते शब्द आता येणार म्हणून मी हवालदारांना मोबाइलचा आवाज वाढवायला सांगितले. तिने उंबऱ्याकडे पाहिले, नवरीकडे पाहिले, भोईरांच्या फाटलेल्या शर्टाकडे पाहिले. मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "येतो ना. सरका मंग, वाईच बसू द्या." आणि ती आजीच्या शेजारी उंबऱ्यावर बसून गाऊ लागली. मी तिला त्याआधी कधीही खोटे बोलताना ऐकलेले नाही.

तिने म्हटलेला धवला जबाबात घ्यावा अशी माझी विनंती आहे. तो असा, त्यात खारी म्हणजे खाडी :

उंबऱ्याला हात नको लावू गो नवरे, उंबरा तुजाच हाय.
मांगं वलून नको बघू गो नवरे, मांगला पन तुजाच हाय.
आज चवथीचा दिस गो नवरे, खारीचा पानी गोड हाय.
गोड हाय तवर पिऊन घे गो नवरे, मंग खारा त हायेच हाय.

शेवटच्या ओळीला आजी बाजूला झाली आणि नवरी उंबरा ओलांडून गेली. बायका रडताना दिसतात. मी हा व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. रविवारी चतुर्थी नव्हती, हे हवालदारांनी दिनदर्शिकेत पाहून सांगितले. त्यांनी विचारले, "मॅडम, मग हे चवथीचं मध्येच कुठून आलं?" मी पाणी मागितले. त्यांनी मला ग्लासभर पाणी आणून दिले. ते मी बसून प्यायले.

हा धवला खरा आहे की बनावट, असे मला विचारण्यात आले. माझे म्हणणे असे की, रविवारपर्यंत असा धवला नव्हता. तो असल्याची थाप माझी आहे आणि झालेल्या त्रासाची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे. खुर्ची मी भरून देईन. शालन मढवी यांनी कोणालाही फसवलेले नाही, त्यांनी अडलेली नवरी सोडवली. धवलारणीने उंबऱ्यावर बसून म्हटला आणि त्यावर नवरी सासरी गेली, म्हणजे आता तो धवला आहे. पुढच्या लग्नात कोणी तो मागितला तर त्यालाही खोटे म्हणता येणार नाही. श्री. भोईर यांची मी माफी मागते. त्यांच्या भाच्याचा संसार सुखाचा होवो.

त्या धवल्यातील तिसऱ्या ओळीचा माझ्याशी संबंध आहे का, असेही विचारले. तसा माझा दावा नाही. म्हातारपणी कुठली ओळ कुठून तोंडात येईल सांगता येत नाही. शालन मढवी आपल्या घरी सुखात आहेत. त्यांचे माझ्यावाचून काही अडत नाही, हे मला आता पटलेले आहे. माझे मात्र अडते. मंगळवार आला की मी अजून दोघींच्या हिशेबाने साबुदाणा भिजवते आणि मग खिचडी मला दोन दिवस पुरते. तरी यापुढे मी रेडिओवर कोणतीही खोटी माहिती देणार नाही आणि कार्यक्रमात कोणासाठी थांबणारही नाही, असे लिहून देते.

माझा जबाब इथे संपला होता. त्यानंतर हवालदार सूरज मोकल यांनी नियमाप्रमाणे तो मला पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवण्यास सुरुवात केली. पंखा बंद केला होता, कारण कागद उडत होते, त्यामुळे त्यांचा आवाज सगळीकडे जात होता. शेवटच्या भागातील 'त्यांचे माझ्यावाचून काही अडत नाही, हे मला आता पटलेले आहे' हे वाक्य त्यांनी वाचले आणि पान उलटण्यासाठी ते थांबले. त्या वेळी पडद्याबाहेरच्या बाकावरून आवाज आला, "कोनी सांगला तुना?"

हवालदारांनी कागद खाली ठेवला. त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. बाहेरून कोणीतरी दबक्या आवाजात "आई, गप ना जरा, चौकी आहे" असे म्हणाले, तो कमलेशचा आवाज असावा. त्यावर, "गप ऱ्हायलंव त ही बाय काय काय सांगत सुटली बघ," असे उत्तर आले. पडदा हलला. पडद्याखाली मला नवी चप्पल दिसली.

हे शब्द जबाबात घेता येत नाहीत, कारण ते माझे नाहीत, असे हवालदारांनी सांगितले. शेवटी माझ्या सांगण्यावरून ते पुरवणी म्हणून घेतले. खोटे ठरलेले वाक्य खोडता येत नसल्याने ते तसेच ठेवले आहे.

सबब, वरील जबाब मला मराठीत वाचून दाखवला, मी तो नीट ऐकला, आणि माझ्याव्यतिरिक्त बाहेरही ऐकला गेला. एक वाक्य सोडून तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. ते एक वाक्य चुकीचे असल्याचे मला आत्ताच कळवण्यात आले असून, ते मला पटले आहे.

समक्ष,
हवालदार सूरज मोकल

जबाब देणार,
हेमा वामन लिमये